तेवढीच जागा

सिद्धनाथ कोळेकराला भित्रा म्हणायची छाती माळशिरसकडच्या माळावर कुणाची नव्हती. लांडगा काठीने हाकललेला गडी, आणि ती गोष्ट तो येईल त्याला सांगायचा. पण सोलापूरच्या दवाखान्यात तोच गडी लेंगा धरून टेबलावरून उठला आणि तडक बाहेर आला, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. ते बायकोनं, बनाबाईनं, सगळ्या वस्तीला सांगितलं.

त्याची लघवी तुंबत होती. रक्तातला प्रोस्टेटचा आकडा वाढलेला निघाला. मोठ्या यंत्रात घालून फोटो काढले, तर मूत्राशयाखालच्या त्या प्रोस्टेट ग्रंथीत काळपट डाग दिसला. तिथला तुकडा काढून तपासला की कॅन्सर आहे का नाही ते कळणार होतं. पण त्या दुखण्यात पुरुषाचं पुरुषपण कापून काढतात, असं पारावर कुणीतरी अक्कल पाजळली होती. त्यात डॉक्टर निघाल्या बाई, सुकन्या नावाच्या.

"डाव्या कुशीवर निजा, गुडघे पोटाशी घ्या," त्या म्हणाल्या. सिद्धनाथ निजला. "आता तेवढीच जागा बधिर करते. तुम्ही जागेच राहाल."

झालं, सिद्धनाथ उठला.

त्याचा उभा जन्म मेंढरांत गेलेला. नर कोकरं खच्ची करायला गुरांचा डॉक्टर आला की कोकरू कुशीवर पाडून पाय पोटाशी दाबायचं काम याचंच. डॉक्टर तेवढ्याच जागेला सुई टोचायचा, कोकरू टकामका बघत राहायचं आणि काम उरकायचं. आज कोकरू कोण, ते त्याला लगेच कळलं.

"चल घरी. ही बाई मला खच्ची करती," तो बाहेर बाकावर बसलेल्या बनाबाईला म्हणाला.

बनाबाईनं तोंडाला पदर लावला. "अवो, नातवंडं झाली की. आता कुणासाठी राखायचंय?"

एवढ्यात डॉक्टर मागोमाग आल्या. चिडल्या असतील, पण बोलल्या शांतपणे. मागच्या वाटेनं सोनोग्राफीची बारीक नळी घालायची, फोटोतला डाग पडद्यावर धरायचा आणि सुईनं शेवईच्या तुकड्याएवढे तुकडे घ्यायचे, बस्स.

"बाकीचं जाग्यावर ऱ्हाईल?"

"राहील."

"देवाची आन?"

"आण," डॉक्टर म्हणाल्या.

मग तो परत निजला. सुई मुंगी चावल्यागत लागली, नंतर नुसतं खट् खट् ऐकू येत राहिलं. पुढच्या बाजूला राखणीला त्याने एक हात मात्र शेवटपर्यंत ठेवला होता. डॉक्टरांनी तिकडं काणाडोळा केला.

तुकड्यांत कॅन्सर निघाला. पुढच्या तपासण्यांत तो हाडात उतरलेला दिसला. आता अंडकोषातून निघणारं पुरुषी पाणी, म्हणजे हार्मोन, तोडलं तरच तो आवरणार होता. दर तीन महिन्यांनी इंजेक्शनाला सोलापूर गाठायचं, नाहीतर लहानसं ऑपरेशन करून अंडकोषच काढून टाकायचे. डॉक्टरांनी हे खाली बघत सांगितलं. आण त्यांनीच घेतली होती ना.

बनाबाईचे डोळे भरून आले होते, आणि तिला हसू येईल असं आता काही उरलं नव्हतं.

"लई कोकरं धरली मी," सिद्धनाथ तिला म्हणाला. "त्यानं मेलं कुनी न्हाय. उलट खच्ची केल्यालं जास्ती दिस जगतं."

मग तो डॉक्टरांकडे वळला. "करा. फकस्त पाय धराया हिला आत येऊ द्या."