अण्णांची नावड

अण्णांचा डावा हात चादरीवर उताणा पडला होता. पक्षाघातानंतर माझे वडील एक शब्दही बोललेले नाहीत. ‘माणसं ओळखतात की नाही, सांगता येत नाही,’ असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णांच्या आवडत्या गायकाची गाणी मी रोज मोबाइलवर लावून उशाशी ठेवत होतो. चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं.

आज मी मोबाइल त्यांच्या हाताशी ठेवून माझ्या आवडत्या गायकाचं गाणं लावलं. त्याच्यावरून आमचे वाद आयुष्यभर चालले. ‘हा गातो की सर्दी झाल्याचं कळवतो?’ असं म्हणत अण्णा रेडिओचा कान पिळून आवाज बंद करायचे.

‘अहो, त्यांना हा आवडत नाही ना? कशाला छळता?’ बायको दारातून म्हणाली.

‘म्हणूनच लावलाय.’

मुखडा संपला, पहिलं कडवं संपलं, तरी हात तसाच होता. मी आवाज थोडा वाढवला. आवड माणूस दुसऱ्याचं पाहूनही उचलतो. नावड मात्र ज्याची त्याची असते. तीच पुसली गेली असेल, तर या खाटेवर अण्णा म्हणावेत असं किती उरलं? या हिशेबाला मी घाबरत होतो.

दुसरं कडवं सुरू झालं आणि बोटं हलली. चादरीवरून सरकत ती मोबाइलपर्यंत आली. तिथे फिरवायला बटण नव्हतं. तरी त्यांनी चिमूट धरली आणि हवेतच पिळली.

मी गाणं बंद केलं.

‘बरं अण्णा,’ मी म्हणालो, ‘तुमचा लावतो.’