तात्यांसोबत दा नांग

सहलीच्या किश्शांचं एक बरं असतं राव, ट्रिप संपते पण ते संपत नाहीत. आम्ही वीकेंडला व्हिएतनामला जाऊन आलो, त्याला वर्ष झालं. कॉलेजच्या कँटीनमध्ये अजून कुणीतरी म्हणतंच, "तात्यांचं सांग ना!" अस्लम शेजारी असला की मी खरं तेवढंच सांगतो, कारण तोही होता सोबत.

*

आम्ही तिघं. मी चिंचवडचा, अस्लमच्या वडिलांचं पिंपरीत गॅरेज, आणि निल्या चाकणचा. दा नांग म्हणजे समुद्रकिनाऱ्याचं शहर, स्वस्त तिकीट, जोडून सुट्टी. सगळं ठरलं आणि निल्याचे वडील म्हणाले, "पोरं एकटी न्हाई जायची."

तेव्हा कोपऱ्यातून निल्याचे चुलते, तात्या, बोलले, "मी जातो की संगं."

कुठल्याशा शेती दौऱ्यासाठी त्यांनी पासपोर्ट काढला होता. दौरा झालाच नाही.

"कोरा पासपोर्ट घेऊन मरायचं व्हय?"

दुसऱ्याच दिवशी तात्यांचंही तिकीट निघालं!

*

दा नांगच्या विमानतळावर ऑफिसरने तात्यांना खुणेने टोपी काढायला सांगितली, फोटोसाठी. तात्या ढिम्म. अस्लमने दाखवायला म्हणून स्वतःची कॅप काढली. मागच्या गोऱ्या आजोबांना वाटलं, नियमच असेल. त्यांनीही हॅट काढली. बघता बघता सगळी रांग बोडकी!

तात्यांनी गंभीर होऊन टोपी काढली, मान खाली घातली आणि निल्याच्या कानात विचारलं, "कोण गेलं रं?"

*

समुद्र बघून माणूस पाण्यात शिरतो. तात्या मात्र पायजमा वर खोचून किनाऱ्याने पावलं टाकत निघाले. लांबी मोजत होते!

"एवढी जागा मोकळी? एनए हाय का, प्लॉट पाडाय?"

लाइफगार्डने शिट्टी मारली, हात हलवून मागे बोलावलं. तात्या वळले, पण खूश होते.

"वॉचमन ठिवलाय. म्हंजी पार्टी मोठी हाय."

*

जेवायला बसलो तर मेन्यूतलं अक्षरही कळेना. अस्लमने मोबाइलवर भाषांतराचं ॲप उघडून तात्यांपुढे धरलं. "बोला तात्या, काय पाहिजे?"

तात्या म्हणाले, "पोटात कावळे वरडाय लागलेत!"

मोबाइल व्हिएतनामीत काहीतरी बोलला. वेट्रेसचा चेहरा पांढराफटक. धावत जाऊन तिने मॅनेजरला आणलं. मॅनेजर मोबाइलपाशी वाकून हळू आवाजात बोलला आणि मोबाइलने शुद्ध मराठीत विचारलं, "पक्षी अजून जिवंत आहे का?"

तात्या आम्हाला म्हणाले, "मानसं लई मायाळू हायेत."

*

परतीच्या दिवशी चेक-आउट करायला निघालो तर तात्या गायब! त्यांचा मोबाइल खोलीत, विमान दुपारचं. निल्या रडकुंडीला आला. "घरी काय सांगू? काका हरवला म्हणून?"

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. एका गल्लीत चक्क मांडव होता, फुलांची कमान, गाणी. लग्न! अस्लमने सहज आत डोकावलं आणि जागीच थिजला.

स्टेजवर फॅमिली फोटो चालला होता. नवरा-नवरी, दोन्हीकडची वडीलधारी मंडळी आणि मधोमध तात्या! नवरीच्या बापाने त्यांचा हात घट्ट धरला होता.

निल्या ओरडला, "तात्या, फ्लाइट!"

"थांब. फोटो हुंदे."

फोटो झाला. नवरीने वाकून नमस्कार केला. बापाने तात्यांना मिठी मारली, ती काही केल्या सोडेना. शेवटी अस्लमने सोडवली.

टॅक्सीत बसल्यावर निल्याने विचारलं, "कोण होती ती माणसं?"

"नाव न्हाई माहीत. बाप लई रडत व्हता, म्हनून जरा शेजारी बसलो."

विमानतळावर उतरताना तात्या म्हणाले,

"काय बी म्हना, पोरगी चांगल्या घरात पडली."