सांगान बसा

रिक्षाच्या हँडलला हात लावण्याआधी सदूदादा मागे वळून प्रवाशाची चौकशी करत. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नांदगावच्या बाकीच्या रिक्षा दारात उभ्या राहिल्या, तेव्हा ही चौकशी एकाच प्रश्नावर आली. "ताप आसा? आसलो तर सांगान बसा. मी नेतलंय."

आणि ते नेत. माझ्या आईला धाप लागली तेव्हा कणकवलीच्या दवाखान्यात त्यांनीच पोचवलं. आजारी माणूस असला की आपल्या सीटमागे जाड प्लास्टिक घट्ट बांधत, मास्कवर मास्क चढवत, परतल्यावर रिक्षा धूत. "भियाचा, पण पळाचा नाय," म्हणत.

मे महिन्यात स्टेशनवर एक चाकरमानी म्हाताऱ्या आईला घेऊन उतरला. दादांनी विचारलं. "छे, आम्ही ठणठणीत आहोत." उकाडा फार, म्हणून दादांनी प्लास्टिक गुंडाळून वर बांधलं. अर्ध्या वाटेत त्याने मास्क हनुवटीखाली ओढला आणि फोनवर म्हणाला, "हो, कालच रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. गावात बोलू नकोस कुणाकडे." रिक्षाच्या आवाजात दादांना ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं.

दादांनी दोघांना दारात सोडलं आणि स्वतः घरी न जाता काजूच्या बागेतल्या खोपीत राहिले. "तिथंच का नाही उतरवलंत?" त्यांच्याकडून सगळं ऐकून मी लांबूनच विचारलं.

"म्हातारी होती वांगडा. तिका रस्त्यार खंय उतरवतलंय?"

पुढे ताप, मग ऑक्सिजन. दादा गेले. वहिनींना त्यांचं तोंडही दिसलं नाही. गावात लोक म्हणाले, इतके पेशंट नेले, होणारच होतं. ज्यांना त्यांनी नेलं होतं तेही हेच म्हणाले, तेव्हा माझं डोकं फिरलं. ज्यांनी आजार सांगितला, त्यांच्यापासून दादांना काहीच झालं नव्हतं. मारलं ते लपवणाऱ्याने.

तो घरच्या घरी बरा झाला. पावसाळ्यात वहिनींना भेटायला आला तेव्हा मी तिथेच होतो. "खरं सांगितलं असतं तर त्यांनी नेलं असतं का? आई होती बरोबर," तो म्हणाला.

"हेनी नेल्यानी असता," वहिनी म्हणाल्या. "कळल्यावरय तुमका घराक पोचयल्यानीच ना? तुमी हेंका खंय पोचयलात?"

तो उठून चपला घालू लागला. त्याची मला आजही दया येत नाही.