उत्तरपूजा होईपर्यंत

माझ्या सगळ्यात लाडक्या कादंबरीच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा चेपलेला आहे. तो माझ्या डोक्यावर चेपला. तिच्या शेजारच्या कॉमिकमध्ये खलनायकाच्या शर्टावर तपकिरी डाग आहे. छपाईतली चूक वाटते, पण ते माझ्या नाकातलं रक्त आहे. पुस्तकं जमवणारे लोक कोरी प्रत शोधतात. माझ्याकडे कोरी प्रत एकही नाही.

आम्ही नुंगंबाक्कममध्ये दोन खोल्यांत राहायचो. अप्पा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचे. केसाएवढा फरक असला तरी भाग बाद. घरी आल्यावरही ते तेच करत. माझे मार्क, आईचं सांबार, दाराचा आवाज. मारताना ते तमिळमध्ये ओरडत आणि मारून झालं की आमच्या जुन्या तंजावरी मराठीत, हळू आवाजात, जेवायला बोलावत. शाळा इंग्रजी होती. इंग्रजी ही एकच भाषा होती जिच्यात मला कोणी मारलं नव्हतं, म्हणून मी तिच्यातच राहायला गेले.

बंद पडलेल्या वाचनालयांची, शिक्के मारलेली कॉमिक्स मी फुटपाथवरून आणायची. गुप्तहेर, समुद्री चाचे, भुतांच्या कादंबऱ्या. ती लपवायची तांदळाच्या डब्यामागे, गादीखाली, हार्मोनियमच्या रिकाम्या पेटीत. सापडलं की अप्पा फाडत. एकदम नाही; एकेक पान, माझ्याकडे बघत.

बारावीच्या सहामाहीत मला गणितात कमी मार्क पडले. अप्पा म्हणाले, सरस्वतीपूजेची सुट्टी आहे, त्या दिवशी घर झाडून काढतो, एक कागद ठेवत नाही. तेव्हा माझ्याकडे एकेचाळीस पुस्तकं होती.

आमच्याकडे नवमीला पुस्तकं देवीपुढे पाटावर रचतात आणि वर धुतलेलं पांढरं कापड घालतात. दिवा लागला की त्यांना हात लावायचा नाही, वाचायचंही नाही. दशमीला सकाळी आई उत्तरपूजा करते, पाट जरासा उत्तरेकडे सरकवते, मगच पुस्तकं मोकळी होतात. मी पहाटे उठून एकेचाळीसच्या एकेचाळीस पाटावर रचली आणि वर शाळेची पुस्तकं ठेवली. ढीग दरवर्षीपेक्षा गुडघाभर उंच झाला. आईनं तो पाहिला. तिनं एकाऐवजी दोन कापडं घातली आणि दिवा लावला.

माझी चूक एवढीच, की अप्पांचंही कामाचं एक हत्यार नवमीच्या पूजेत असतं हे मी विसरले. दुपारी ते कारखान्यातली पूजा आटपून आले. फाटकापाशी कुंकू भरलेला कोहळा आपटून फोडतात, तो बहुतेक त्यांनीच फोडला असावा. बाह्या लाल होत्या. खिशातून त्यांनी सुटे भाग मोजायचं आपलं पोलादी व्हर्नियर काढलं. त्यावरच ते साध्या कामगाराचे तपासनीस झाले होते, दुसऱ्याचं ते कधी हातात घेत नसत. लोखंड पुस्तकांच्या वर ठेवायचं नाही, म्हणून खाली सरकवायला त्यांनी कापड उचललं.

खालून रंगीत कडा दिसल्या.

त्यांनी व्हर्नियर नीट आत सरकवलं, कापड सारखं केलं, नमस्कार केला. मग उठून मला केसांना धरून स्वयंपाकघरात नेलं. पुस्तकांना हात लावायला बंदी होती. मला नव्हती.

संध्याकाळी ते पाटासमोर खुर्ची टाकून बसले. "उद्या," ते म्हणाले. "उत्तरपूजा होऊ दे."

दशमीला सकाळी आईनं आंघोळ केली, दिव्यात तेल घातलं, फुलं वाहिली, चण्याच्या सुंडलचा नैवेद्य दाखवला आणि पाट न हलवता उठली. अप्पा वाट पाहत होते. त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आज नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अप्पांना व्हर्नियरवाचून कामावर जावं लागलं. आल्यावर त्यांनी सुंडलचं पातेलं भिंतीवर मारलं. माझा ओठ फुटला, आईच्या पाठीवर पट्ट्याचे वळ उठले. दिवा चालूच होता. ती तेल घालायला दर तीन-चार तासांनी उठे, कण्हत, पण उठे.

तिसऱ्या सकाळी कारखान्याची बस यायच्या आधी अप्पा पाटापाशी आले.

"हलव."

"तिची पुस्तकं अस्की तिचीच, असं म्हणा," आई म्हणाली. अस्की म्हणजे सगळी. "मग हलवीन."

त्यांनी कापडाखाली हात घातला. आईनं ढिगावर हात ठेवला. त्यांनी व्हर्नियर ओढून काढलं आणि तेच तिच्या हातावर घातलं. आवाज लहान होता, काडी मोडल्यासारखा. त्या झटक्यात समई कलंडली आणि विझली.

तेव्हा मी अप्पांचा चेहरा पाहिला. ते आईच्या हाताकडे बघत नव्हते. विझलेल्या वातीकडे बघत होते. त्यांनी व्हर्नियर पाटावर परत ठेवलं, दोन पावलं मागे गेले आणि चप्पल न घालता जिन्यावरून उतरले. मी आईचा हात ओढणीत बांधला. एक बोट भलतीकडे वळलं होतं. तिनं दुसऱ्या हातानं पाट उत्तरेकडे सरकवला, मगच डॉक्टरकडे आली.

त्यानंतर त्यांनी माझ्या पुस्तकांना कधी हात लावला नाही. ते बोट मोडल्यामुळे असं मला बरीच वर्षं वाटत होतं. तसं नव्हतं. आम्हा दोघींना मारणं चालूच राहिलं, मला सिरुसेरीत नोकरी लागून मी आईला घेऊन बाहेर पडेपर्यंत.

आता इथे कपाटात तीनशेच्या वर पुस्तकं आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक व्हर्नियर, ज्याचे जबडे नीट मिटत नाहीत. आईला इंग्रजी वाचता येत नाही. दशमीला पुस्तकं मोकळी झाली की ती एक कॉमिक निवडते आणि मी तिला वाचून दाखवते. परवा तिनं न वाकणारं बोट एका चित्रावर ठेवलं आणि विचारलं, "ह्यानं त्याला कां मारलं?"

मी पान मागे उलटलं. कारण तिथेच होतं, चौकटीत, स्पष्ट अक्षरांत. मी वाचलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं.