वाळूत काढलेलं तोरून शहर

मंडळी, आज अब्बांना दोह्यातल्या दवाखान्यात नेलं होतं. बोलता बोलता नर्स म्हणाली, ती पोलंडमधल्या तोरूनची.

अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अब्बा ताठ बसले. "व्हिस्टुला नदीकाठचं? लाल विटांचा तट अजून आहे?"

साठच्या दशकात अब्बा इथे कतारमध्येच, मेसईद बंदरात क्लार्क होते. महायुद्धानंतर घरी परतू न शकलेला एक पोलिश मिस्त्री त्यांचा दोस्त होता. दर शुक्रवारी तो वाळूत आपलं शेकडो वर्षं जुनं शहर काढून दाखवायचा. तो इथेच वारला.

नर्सने मोबाइलवर फोटो दाखवला. "सगळं तसंच आहे, अंकल."

अब्बांचे डोळे भरून आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तिकीट काढ. त्याच्या वतीने बघून येऊ."

या वयात एवढा प्रवास झेपेल? तुम्ही असता तर काय केलं असतं?