तान्ह्या मुलासाठी शांत जागा

सहल सुरळीत पार पडली तर मागे काय उरतं? ‘कशी झाली?’ ‘छान झाली.’ संपलं! लोणच्यासारखी मुरते ती बिघडलेली सहल. ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या पेपरच्या ऑफिसात चारच्या चहाला अशा बरण्या रोज उघडत, आणि त्यातल्या बहुतेक माझ्याच घरच्या असत. लाज वाटते. तरी सांगतो, कारण मी नाही सांगितलं तर तांबे सांगतो, आणि तो मसाला जास्त घालतो.

काळ आधी सांगायला हवा. संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची छोटी राज्यं मिळून मध्य भारत झाला होता. सरकार हिवाळ्यात आमच्याकडे, उन्हाळ्यात इंदूरला. कोणतं खातं कुठे बसतंय, हे त्या खात्यालाच माहीत नसे! अशा दिवसांत वार्ताहराने भांडायचं नाही तर काय पूजा सांगायची? मी भांडत होतो. कॉलेजात वादविवादाची ढाल मिळवली होती, ती काही भिंतीला टांगण्यासाठी नव्हे.

एक दिवस संपादकांनी बोलावलं. "तुमच्याविरुद्ध तक्रारी फार येताहेत. थोडे दिवस गोड लिहा. घरी तान्हं मूल आहे ना? जोडून सुट्ट्या आल्या की मुलाला घेऊन जवळपास कुठे जावं, त्यावर सदर चालवा."

सबएडिटर तांबे शेजारीच होता. "हा आणि गोड? साहेब, चिरोट्यावर हिरवी मिरची ठेवताय!"

मी ‘पांथस्थ’ या नावाने लिहू लागलो. संपादक, तांबे आणि माझी बायको कुसुम, एवढ्यांनाच ते ठाऊक होतं. आणि खरं सांगतो, तो पांथस्थ फार निवांत गृहस्थ होता. त्याला वाऱ्याची झुळूक कळायची. बाळाच्या जांभईवर तो एक परिच्छेद लिहायचा.

कुसुम दाणा ओळीतल्या आमच्या दोन खोल्यांत बाळंतपणापासून अडकलेली. पहिला लेख वाचून म्हणाली, "अहो, चला ना ह्यांच्याबरोबर एकदा!"

*

पहिली सहल दतियाची. राजवाडा, तळं, सगळं बसच्या टप्प्यात. पण दतिया विंध्य प्रदेशात, म्हणजे दुसरं राज्य. वाटेत जुना संस्थानी जकात नाका. संस्थान गेलं तरी नाकेदार जागचा हलला नव्हता!

त्याने आमच्या बोचक्याला हात घातला. "इसमें क्या है?"

मी खाली उतरलो. "नाका कोणत्या राज्याचा? पगार कोण देतं? ऑर्डर दाखवा!"

"ऑर्डर आनेवाली है."

"मग आली की तपासा!"

बस उभी. ऊन वाढलेलं. बाळ रडू लागला, मग एक म्हातारा ओरडू लागला, मग सगळी बस. मी राज्यघटनेपर्यंत पोचलो होतो, तोवर कुसुम उतरली आणि तिने मुकाट्याने बोचक्याची गाठ सोडून नाकेदाराच्या नाकाखाली धरली. आत बाळाची सकाळपासूनची दुपटी होती.

"जाइए, बहनजी, जाइए!" नाकेदार दहा पावलं मागे सरला.

घटनेला जे जमलं नाही, ते दुपट्याने केलं! बसमधले लोक हसत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

पांथस्थाने लिहिलं, ‘दतियाच्या वाटेवर मूल मांडीवर कधी झोपतं, कळतही नाही.’

कुसुमने पेपर खाली ठेवला. "कोणाच्या हो मांडीवर?"

*

नरवरचा किस्सा तांबे फार रंगवतो. मी साधा सांगतो.

मी लिहिलं होतं की नरवरला गडाच्या पायथ्याशी झाडी आहे, सावली आहे आणि शांतता अशी की मूल दुपारभर उठत नाही. दसऱ्याला जोडून रविवार आला. आम्ही गेलो. बघतो तर लश्करातली आमची शिंदे की छावनी, अर्धी वस्ती तिथे! प्रत्येक झाडाला लुगड्याची झोळी, प्रत्येक झोळीत तीट लावलेलं एक पोर. एक रडलं की सगळी रडत. गावातला एक माणूस मला विचारतो, "भाईसाहब, बच्चों का मेला है क्या?"

छावनीतल्या फाळके काकू ओळखीच्या. घाम पुसत म्हणाल्या, "कोण हा मेला पांथस्थ? भेटू दे एकदा, त्याच्याच गळ्यात झोळी बांधते!"

तांबेही सहकुटुंब आला होता. त्याने तोंड उघडलं मात्र, मी त्याच्या तोंडात अख्खा बेसनलाडू कोंबला.

आम्हाला झाड मिळालं नाही. कुसुम दुपारभर बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती आणि मी तिच्यामागे छत्री धरून. काकू कौतुकाने म्हणाल्या, "नवरा असावा तर असा!"

कुसुमने बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि फेऱ्या चालूच ठेवल्या. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

*

ओरछा. नदीकाठी रेस्ट हाऊस. बाळाचं दूध गरम करायचं होतं. चौकीदार म्हणाला, चूल फक्त अफसर लोकांसाठी आहे.

झालं! व्हरांड्यात उभा राहून मी त्याला सांगू लागलो, की बाबा रे, राजे गेले. आता अफसर म्हणजे तुझा-माझा नोकर. चूल जनतेची आहे! हातात दुधाचं भांडं होतं, तेच हलवत बोलत होतो. आवाज लागला. माणसं जमली. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. आणि त्या उन्हात हातातलं दूध नासलं.

मी वळलो, तर कुसुम मागच्या दाराने आत येत होती. चौकीदाराच्या बायकोने केव्हाच तिला आपल्या चुलीवरचं दूध दिलं होतं.

"संपलं भाषण?" ती म्हणाली. "हळू बोला. बाळ झोपलाय."

टाळ्या वाजवणारे अजून उभे होते. नासलेलं भांडं कुठे लपवावं ते मला कळेना.

*

त्यानंतर कुसुमने बरेच दिवस सहलीचं नावच काढलं नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही जा आणि लिहा. मी घरी वाचेन. वाचायला छान असतं."

हे मला लागलं. मंत्र्यांनी सभेत नाव घेऊन शिव्या दिल्या होत्या, तेव्हासुद्धा असं लागलं नव्हतं.

मग होळीला जोडून सुट्ट्या आल्या. मीच म्हटलं, "चल. जागा तू निवड."

"शिवपुरी," ती म्हणाली. "छोट्या लाइनीच्या गाडीने. तळ्याकाठचा बंगला. आणि तुम्ही तोंड उघडायचं ते फक्त जेवायला. फालतूमध्ये कोणाशी भांडण नाही. एकदा तरी तुमच्या त्या पांथस्थाची सहल मला करायची आहे. एकदाच! पुन्हा मागणार नाही."

मी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. बंगल्यासाठी रीतसर अर्ज केला, रीतसर परवानगी आणली.

*

छोटी गाडी डुलत निघाली आणि बाळ खरोखरच मांडीवर झोपला. माझ्या मांडीवर! तिकीट तपासनीस नको तिथे उद्धटपणे बोलला, मी गप्प. टांगेवाल्याने जास्त मागितले, मी गप्प. खोलीच्या खिडकीतून तळं दिसत होतं. कुसुमने पाय पसरले आणि ती म्हणाली, "अहो, वारा बघा ना!" हे वाक्य मी लेखात किती वेळा लिहिलं होतं. तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात दार वाजलं. बंगल्याच्या शिपायाचा आवाज. "कमरा खाली कीजिए! साहब आए हैं."

दुसरं काहीही चाललं असतं. पण ‘साहब’!

मी कडी घातली आणि बंद दारामागून सुरू झालो. कोण साहेब? कोणत्या खात्याचा? संस्थानी थाट संपला, कळवा त्याला! आमच्याकडे परवानगी आहे, पेपरात नाव छापीन! बाहेर चिडीचूप. मला जोर चढला. मग बाहेर एक मूल रडलं. त्याला उत्तर म्हणून आमचा बाळ दचकून उठला आणि रडू लागला.

कुसुमने मला बाजूला केलं आणि कडी काढली.

पायरीवर साहेब नव्हता. इंदूरहून सरकारबरोबर आलेला एक तरुण कारकून होता, अंग चोरून उभा. शिपाई सगळ्यांनाच साहब म्हणे. ट्रंकेवर त्याची बायको, मांडीत तान्हं मूल. त्यांनाही याच खोलीची परवानगी मिळाली होती, नव्या खात्याकडून. आमची जुन्या खात्याची. दोन्ही खरी!

"आम्ही जातो हो दुसरीकडे," कारकून मला म्हणाला. "आपण रागावू नका."

"कुठे जाता ह्या उन्हात?" कुसुम म्हणाली. "आत या आधी."

मी कोपऱ्यात उभा राहिलो. दोन्ही मुलं एकाच चादरीवर निजवली गेली. चहा झाला. त्या बाईला हळूहळू धीर आला.

"वहिनी, ग्वाल्हेरला बदली झाल्यापासून मी कुठे बाहेरच पडले नव्हते. पेपरात एक पांथस्थ लिहितात ना, ते वाचून वाचून ह्यांच्या मागे लागले. काय लिहितात हो मुलांबद्दल! फार शांत माणूस असणार, नाही?"

कुसुमने बाळावरचं दुपटं सारखं केलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"असणार," ती म्हणाली. "मलाही एकदा भेटायचंय त्यांना."