डोकं धरायची नोकरी

घरात कोणी शिंकलं की मला एखादा किस्सा आठवतो. नातवंडांना हे माहीत आहे, म्हणून ती मुद्दाम शिंकतात! हात मोडून आलेला माणूस दवाखान्यात कण्हतो आणि गप्प बसतो. नाक तुंबून आलेला मात्र बोलतच राहतो, आणि सगळं नाकातून. अशा माणसांमध्ये बरीच वर्षं काढली. किस्से साचायचेच.

*

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि वडिलांनी गावची पिढीजात कोतवालकी सोडली. पुढच्या वर्षी मी काम शोधत पांढरकवड्याला आलो. नागपूरला नाक-कान-घशाचं शिकून आलेल्या एका डॉक्टरांनी तिथं नवा दवाखाना काढला होता.

त्यांनी नाव विचारलं, मी सांगितलं. गाव विचारलं, तेही सांगितलं. दोन्हीला वेळ लागला.

"नेहमी असाच सावकाश बोलतोस का रे?"

"हो... जी."

"हात पुढे कर." त्यांनी माझे हात निरखून पाहिले. थरथरत नव्हते. "उद्यापासून ये. घाईचा माणूस मला नकोच होता!"

टेबलावर एक कवटी होती. तिचा एक गाल करवतीनं कापलेला होता. डॉक्टरांनी बोट आत घातलं.

"ही बघ, गालाच्या हाडातली पोकळी. हिचं नाकात उघडणारं दार खाली नाही, पार छताजवळ आहे. म्हणून आत पू साचला की आपसूक निघत नाही. आपण नाकातून, मधलं पातळ हाड फोडून, जाड सुई घालायची, कोमट मिठाचं पाणी सोडायचं, घाण धुऊन काढायची. आता हे छत बघ." त्यांनी आतून टॉर्च लावला. हाड कागदासारखं उजळलं. "याच्या वर डोळा असतो. पेशंटनं डोकं हलवलं तर सुई कुठं जाईल?"

मी नकळत माझ्या डोळ्यावर हात ठेवला.

"तुझं काम एवढंच. मागे उभं राहायचं, पेशंटचं डोकं छातीला टेकवायचं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरायचं." मग कवटी जागेवर ठेवत ते म्हणाले, "लोक तुझ्या हाती डोकं देतील तोवर तू इथं. नाही दिलं तर माझा इलाज नाही. आधीच सांगून ठेवतो."

त्या दिवसापासून दारात नवा माणूस आला की माझं लक्ष त्याच्या दुखण्याकडे नसे. "कोणाचा रे तू?" हे तो कधी विचारतो, तिकडे असे.

जाता जाता मी विचारलं, "ही कवटी कोणाची, जी?"

"माहीत नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणून तर कोणी हरकत घेत नाही!"

*

ट्रकवाल्यांची मात्र मला कधी धास्ती वाटली नाही. हैदराबाद रोडवरून येत, नाकातल्या धुळीसकट खुर्चीत बसत आणि म्हणत, "पकडो भाई, जल्दी!"

असाच एक पहाडासारखा ड्रायव्हर आला. सोबत त्याचा भाऊ, तोही ड्रायव्हर. गालात पू आहे का हे बघायची आमची एक रीत होती. खोलीत अंधार करायचा, पेशंटच्या तोंडात छोटा टॉर्च ठेवायचा आणि ओठ मिटायचे. पोकळी मोकळी असली तर गाल आतून लाल उजळतो. पू असला तर तेवढा भाग काळा राहतो.

अंधार केला, टॉर्च लावला. एक गाल निखाऱ्यासारखा पेटला.

"भैया के मुँह में आग लग गई!" भाऊ ओरडला आणि बाहेर धावला. आम्हाला वाटलं, घाबरून पळाला. तो रांजणाजवळची भरलेली बादली घेऊन आला आणि अंधारात आम्हा तिघांवर ओतली!

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "पू उजवीकडे आहे," ते शांतपणे म्हणाले, "आणि पाणी सगळीकडे."

*

बंजाऱ्यांच्या तांड्यावरून एक बाई आली. नाकात मोठी भुरिया, म्हणजे त्यांच्यात लग्न झालेल्या बाया घालतात ती नथ. पू नेमका त्याच बाजूला. डॉक्टर म्हणाले, नथ काढावी लागेल.

बाईनं दाराशी बसलेल्या नवऱ्याला हाक मारली. "ऐकलं का? हे नवरा मेल्यावर काढतात आमच्यात. काढली तर तुम्ही मरसान, नाही काढली तर मी मरन. सांगा मंग काय करू!"

नवऱ्यानं बराच वेळ विडी विझवली. मग म्हणाला, "डॉक्टरसायेब, बाजूनं नाही का जमत?"

जमवलं. मी एका हातानं डोकं धरलं आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी ती भुरिया वर उचलून धरली. बोटं बधिर झाली. बाई मात्र जराही हलली नाही. उठल्यावर नवऱ्याला म्हणाली, "वाचलात. चाला आता, चहा पाजा!"

*

मग आले शेठ. बाजार लाइनीत कापडाचं मोठं दुकान. अर्धं तोंड सुजलेलं, डोळ्यातून पाणी. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं, "कोणाचा रे तू?" विचारलं आणि उत्तर ऐकून डॉक्टरांकडे वळले.

"सुई घाला, काही बी करा. पन या गड्याचा हात मह्या डोक्याले नाही लागला पाह्यजे."

"मग धरेल कोण?"

"आमचा मुनीम धरते नं!"

मुनीमजी मागे उभे राहिले. डॉक्टरांनी ट्रेमधून सुई उचलली मात्र, मुनीमजींचे डोळे फिरले. शेठचं डोकं धरूनच ते खाली बसत गेले!

"अबे सोड! मान मोडली मही!"

मुनीमजींना मी उचलून बाहेर बाकावर नेलं. माझ्या त्या हाताला कोणी हरकत घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनी मेव्हणा आणला. आखाड्यातला गडी. त्यानं डोकं असं आवळलं की शेठचे कान जांभळे झाले. सुईची वेळच आली नाही.

"हा तर मले सुईच्या आंधीच मारते!" म्हणत शेठ उठले. दारातून डॉक्टरांना म्हणाले, "आमच्या लाइनीतले पंधरा घरं यवतमाळच्या दवाखान्यात जातील. नाहीतर मानूस बदला."

डॉक्टर मला एवढंच म्हणाले, "सोमवारपर्यंत बघू."

ते चार दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. बायकोला सातवा महिना होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचं काम मिळेल का, ते एकदा विचारून आलो. एकच ट्रे तीन-तीनदा धुतला. घरी आलो तरी पाय थांबेनात.

"काहून येरझाऱ्या घालून राह्यले?" बायको म्हणाली. "बसा नं जरासक."

"बसलो की उठावं वाटते."

"मंग उभ्यानं जेवा!"

आणि खरंच, मी उभ्यानं जेवलो.

*

सोमवारी शेठ एकटेच आले. सूज डोळ्यापर्यंत चढली होती. काखेत दुकानातला कोरा टॉवेल.

"म्या उपाय काढला," ते डॉक्टरांना म्हणाले. "हा टॉवेल डोक्यावर टाकाचा. गडी टॉवेल धरन. डोकं नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी टॉवेलची घडी मोडली.

शेठच्या हातात हनुवटीखाली धरायला ट्रे दिला. सुन्न करायचा कापूस नाकात ठेवून झाला. सुई आत गेली. हाड फुटताना अंड्याच्या टरफलासारखा बारीक आवाज येतो, तो आला. त्याबरोबर शेठनी ट्रे सोडून दिला आणि वर हात करून माझी दोन्ही मनगटं पकडली. ट्रे खणखणत खाली पडला. पाणी आलं, पू आला, वास सुटला. सगळं त्यांच्या धोतरावर.

"झालं शेठ," डॉक्टर म्हणाले. त्यांनी सुई काढली, हात धुतले, चिठ्ठी लिहिली. माझी मनगटं तशीच पकडलेली.

"शेठ, सोडा आता त्याला."

"थांबा नं," शेठ डोळे मिटून म्हणाले. "चक्कर येऊन राह्यली."

त्या आठवड्यात बाजार लाइनीतले दोन पेशंट आले. दोघांच्याही काखेत कोरे टॉवेल! डॉक्टर हसू दाबायला आतल्या खोलीत गेले. मला हसू येत नव्हतं. पोकळी दुसऱ्यांदा धुवायला शेठ यायचे होते, आणि माझ्या नोकरीचं पुढे काय ते त्यांच्यावर होतं.

सोमवार आला. सूज उतरलेली, धोतर परीटघडीचं, काखेत टॉवेल. शेठ खुर्चीत बसले. मी मागे गेलो, टॉवेल घेतला, घडी मोडली आणि डोक्यावर टाकायला उचलला.

त्यांनी हात वर केला आणि टॉवेल माझ्या हातातून काढून घेतला. डॉक्टरांची सुई ट्रेवरच राहिली.

शेठनी टॉवेल मांडीवर पसरला. चारी कोपरे नीट ओढून घेतले.

"मांगच्या खेपेले सारं धोतर खराब झालं," ते डॉक्टरांना म्हणाले, आणि मागे रेलून त्यांनी डोकं माझ्या छातीला टेकवलं.